दोनशे छपन्नावा दिवस

लिफ्टच्या कंपनीत होता तेव्हा त्याला सगळे चिंगूस म्हणायचे, आणि त्याचा पैशाशी काडीचा संबंध नव्हता. चहा पाजायला तो कधी मागे हटला नाही. त्याची कंजुषी होती ती जागेची. लिफ्टच्या पॅनेलमागे नखाएवढी चिप असते, तिच्यात सगळा प्रोग्राम कोंबून बसवायचा असतो, आणि या गृहस्थाला ती चिपही ऐसपैस वाटायची. संगणकात कुठलाही आकडा ठेवायचा तर त्याला एक खण द्यावा लागतो. चिंगूस नेहमी सगळ्यात लहान खण द्यायचा. त्यात शून्यापासून दोनशे पंचावन्नपर्यंतचेच आकडे मावतात. त्यापुढे एक जरी वाढला तरी आकडा गुपचूप पुन्हा शून्यावर येतो. "दोनशे पंचावन्न मजल्यांची इमारत कोण बांधतंय?" असं तो विचारायचा, आणि लिफ्टपुरतं त्याचं बरोबरच होतं.

अडतिसाव्या वर्षी त्याने ती नोकरी सोडली आणि घरात बसून एकट्याने एक गेम बनवायला घेतला. सहा वर्षं लागली. चित्रं त्याची, आवाज त्याचे, नदीचं पाणी कसं हलेल त्याचं गणितही त्याचंच. तिसऱ्या मजल्यावरची एक खोली, खिडकीकडे पाठ करून लावलेलं टेबल आणि दोन खुर्च्या. दुसऱ्या खुर्चीवर धुतलेले कपडे पडलेले असत, कारण तिच्यावर बसायला कुणी येतच नसे. लग्न ठरता ठरता एकदा राहिलं होतं, त्यालाही आता जमाना झाला. थोरली बहीण, ताई, दुसऱ्या शहरात वकिली करायची आणि दर रविवारी फोनवर त्याची झाडाझडती घ्यायची. बाकीच्या आठवड्यात त्याचं बोलणं म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानदाराला "पिशवी नको", एवढंच.

गेम साधा होता. तुम्ही नदीवरचे होडीवाले. रोज अलीकडच्या काठावर एक जण येऊन उभा राहतो, त्याला पलीकडे न्यायचं. वाटेत तो आपली रामकहाणी सांगतो. पलीकडे उतरला की त्याचं घर कुठे बांधायचं ते तुम्ही ठरवायचं, आणि असं एकेक माणूस आणून गाव वसवायचं. दीडशे उतारू चिंगूसने स्वतः लिहिले होते. पुढे तेच लोक आपापले नातेवाईक बोलावून घेत. आणि दिवसाला फेरी एकच. खऱ्या दिवसाला एक. दुसरी हवी तर उद्या या. आजच्या काळात असला गेम काढणारा माणूस एकतर वेडा असला पाहिजे, नाहीतर फार एकटा. चिंगूस वेडा नव्हता.

गेम तयार झाला आणि तिथेच घोडं अडलं. ऑनलाइन दुकानात मांडायचा म्हणजे पन्नास फॉर्म भरायचे. सहा वर्षं नदी रंगवताना ज्याला कंटाळा आला नाही, त्याला ते फॉर्म बघून हुडहुडी भरली. अशा माणसाचा वास काही लोकांना बरोबर लागतो. गेम प्रकाशित करणाऱ्या एका कंपनीचा मॅनेजर त्याला भेटला. त्याचं बोलणं इतकं मधाळ, की ताईने फोनवर ऐकूनच त्याचं नाव गोडबोल्या ठेवलं. "सर, तुम्ही कलाकार माणूस. फॉर्मचं आमच्यावर सोडा," असं तो म्हणाला, आणि आमच्या शहाण्याने सोडलं. दुकानातलं गेमचं पान कंपनीच्या नावावर झालं, पासवर्ड कंपनीचे झाले. करार ताईला दाखवला तो सही केल्यावर. त्यावर ती जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही.

जाहिरातीचं काम गोडबोल्याने आणखी एका कंपनीच्या गळ्यात घातलं. त्या महाभागांनी जी जाहिरात केली तिच्यात होडीवर स्फोट होत होते आणि पाण्यातून काहीतरी दात विचकत वर येत होतं. मारामारी बघून लोक धावले, आणि त्यांना मिळाली होडीत बसून हरवलेल्या छत्रीबद्दल बोलणारी एक म्हातारी. मग काय, शिव्यांची लाखोली. त्या सगळ्या बनवणाऱ्याला, जाहिरातवाले नामानिराळे. वर त्यांनी भाड्याचे खेळाडू बसवून "थरारक", "श्वास रोखून धरायला लावणारा" अशी कौतुकं लिहून घेतली. त्यांतल्या एकानेही होडीचा उल्लेख केला नव्हता.

चौथ्या महिन्यात गोडबोल्या म्हणाला, पैसे भरणाऱ्याला दिवसाला दहा फेऱ्या देऊ. चिंगूस नाही म्हणाला. आयुष्यात ठणकावून म्हटलेलं ते त्याचं पहिलंच "नाही" असावं. दुसऱ्या दिवशी त्याचा पासवर्ड चालेना. स्वतःच्या गेममधला एक ठिपकाही त्याला हलवता येईना. ताईने कोर्टात दावा लावला. फेऱ्यांचा नियम बनवणाऱ्याला विचारल्याशिवाय बदलणार नाही, असं गोडबोल्याने एका मेलमध्ये लिहून दिलं होतं. त्या एका मेलवर गेम परत मिळेल याची तिला खात्री होती. फक्त कोर्टाच्या गतीने थांबायला हवं होतं.

या सगळ्यात चिंगूसला आधार होता तो एका अनोळखी माणसाचा. गेममध्ये सगळ्यांना दिसेल असा एक फलक होता, कुणाचे किती दिवस झाले ते दाखवणारा. त्यात सगळ्यात वर एक टोपणनाव होतं: खिडकीपाशी. गेम दुकानात आला त्या दिवसापासून या व्यक्तीने एकही दिवस चुकवला नव्हता. रोज सकाळी पावणेअकराच्या सुमारास फेरी. नावावर दाबलं की त्या खेळाडूचं गाव दिसे, आणि चिंगूस ते रोज बघे. एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या दोन भावांची घरं तिथे समोरासमोर बांधलेली होती. बहिऱ्या सुताराला शाळेला लागून जागा दिली होती, म्हणजे पोरांच्या कलकलाटाचा त्रास नको. ही बाईच असणार, असं चिंगूसने परस्पर ठरवून टाकलं होतं. तिने आज कुणाला कुठे बसवलं, हे बघितल्याशिवाय त्याला घास गोड लागत नसे. माणसाला माणूस लागतं, त्याला इलाज नाही.

एके सकाळी फलकावर तिचा आकडा दोनशे एकतीस झाला. चिंगूस खुशीत हसला, आणि हसता हसता थांबला. दिवस मोजायला त्याने गेममध्ये कुठला खण दिला होता, ते त्याला आठवलं.

हात सवयीने गेला होता. लहान खण. आणखी पंचवीस दिवसांनी, दोनशे छपन्नाव्या फेरीला, तिचा आकडा शून्य होणार होता. गेम समजणार, हा नवा खेळाडू, पहिला दिवस. गाव पुसून नदीकाठ मोकळा करणार. दुरुस्ती दहा मिनिटांची होती. लहान खणाच्या जागी मोठा. ती त्याने तेव्हाच करून ठेवली. पण दुकानात चढवायची कशी? किल्ल्या गोडबोल्याकडे.

मग सुरू झाली धावाधाव. दुकानाच्या कचेरीला त्याने सात मेल लिहिले. सातही वेळा मशीनचं उत्तर आलं, कृपया प्रकाशकाशी संपर्क साधा. तिला थेट निरोप पाठवावा तर अनोळखी लोकांसाठी तिचा दरवाजा बंद. राहिला गेमच्या चाहत्यांचा मंच, तो चालवत होते जाहिरातवाले, आणि तिथून बनवणाऱ्यालाच हाकललेलं. त्याने दुसऱ्या नावाने खातं काढलं, स्वतःचाच गेम गिऱ्हाईक म्हणून विकत घेतला आणि मंचावर लिहिलं: दोनशे पंचावन्न फेऱ्या झाल्या की थांबा, पुढची करू नका. अकरा मिनिटांत ते पुसलं गेलं. खोडसाळपणा, असा शिक्का बसून ते खातंही गेलं. ताईने तिच्या नावाने लिहून पाहिलं, तिचीही तीच गत.

शेवटी त्याने मान खाली घालून गोडबोल्याला फोन लावला.

"सर, किती लोकांना हा त्रास होणार?" गोडबोल्याने विचारलं.

"सध्या एकाला."

"एकाला?" गोडबोल्याने खात्री करून घेतली. मग तो हसला, आणि वाईट याचंच की मनापासून हसला. "दावा चालू असताना तुमच्याकडून फाइल घेऊ नका, असं आमचे वकील सांगतात. दावा मिटला की लगेच घेऊ. मी कागद पाठवतो, बघा शांतपणे."

कागद आला. दावा मागे घ्यायचा. गेम, त्याचं नाव, पुढचे भाग, सगळं कंपनीचं. बनवणाऱ्याचं नाव गेममध्ये कुठेही राहणार नाही, आणि हा गेम मी बनवला असं तो कुणालाही, तोंडी किंवा लेखी, सांगणार नाही. बदल्यात त्याची दुरुस्ती चढवली जाईल.

रविवारी ताईचा फोन आला. त्याने कागद वाचून दाखवला.

"फाडून टाक," ताई म्हणाली. "सुनावणीला दोन महिने राहिलेत. केस आपली आहे."

"दोन महिन्यांनी तिचं गाव नसेल, ताई. मला अजून बावीस दिवस आहेत."

"अरे, पण ती कोण? नाव माहीत नाही, गाव माहीत नाही. त्या जाहिरातवाल्यांनी बसवलेला भाड्याचा खेळाडू असेल तर?"

"भाड्याचा माणूस रविवारी सुट्टी घेतो. ही रविवारीपण येते."

ताईला हसू आवरलं नाही. मग तिचा आवाज बदलला. "बाळा, सहा वर्षं घातलीस तू. मी बघितलंय ना. एका गेममधल्या गावासाठी हे सगळं सोडून देणार?"

"माझ्यासाठी पण तो गेमच आहे," तो म्हणाला. "कुणी तरी तो खेळावा म्हणूनच केला. बाकीच्यांनी शिव्या घातल्या. ती एकटी खेळली, मी केलाय तसा खेळली. आणि तिचं गाव माझ्या हातच्या चुकीने पुसलं जाणार. गोडबोल्याच्या नाही, माझ्या."

त्या दिवशी ताईने जेवणाबद्दल, तब्येतीबद्दल काही विचारलं नाही, नुसतं "ठेवते" म्हणून फोन ठेवला. मंगळवारी मात्र तिने कागदात एक ओळ घालून घेतली: आधी दुरुस्ती चढेल, मग सही होईल. वकीलच ती.

चौदा दिवस गोडबोल्याने आज करतो, उद्या करतो यात घालवले. दुरुस्ती चढली तेव्हा फलकावर दोनशे पन्नास होते. चिंगूसने स्वतःच्या यंत्रावर तीनदा तपासलं, मग सही केली. पेन टेबलावर ठेवलं आणि बराच वेळ तसाच बसून राहिला. आता त्याला करायला काही नव्हतं.

दोनशे छपन्नाव्या दिवशी तो साडेनऊपासून फलकासमोर होता. पावणेअकरा झाले, आकडा हलला नाही. अकरा झाले. अकरा वाजून सहा मिनिटांनी आकडा बदलला. दोनशे छपन्न. त्याने तिचं गाव उघडलं. भाऊ होते, सुतार होता, शाळा होती. एक नवी मावशी उतरली होती, तिला विहिरीजवळ घर मिळालं होतं. जगात कुणालाही पत्ता नव्हता की आज काही व्हायचं होतं आणि झालं नाही. त्याने हात तोंडावर दाबून धरले आणि तो मनसोक्त रडला.

तीन आठवड्यांनी कंपनीने आपली नवी आवृत्ती आणली. पैसे भरा, दहा फेऱ्या मारा. त्याच दिवशी दुपारी मंचावर एक निरोप दिसला. मंच त्याला वाचता येत होता, लिहायची बंदी होती. निरोपावरचं नाव बघून तो खुर्चीत ताठ झाला.

"मी इथे पहिल्यांदाच लिहिते आहे," खिडकीपाशीने लिहिलं होतं. बाईच निघाली. "होडीच्या फळीवर बनवणाऱ्याचं नाव बारीक अक्षरात होतं, ते आज दिसलं नाही. ते कुठे भेटतील? मला घराबाहेर पडता येत नाही आणि माझ्याकडे कुणी येत नाही. सकाळी इथे एक जण येतो, तेवढा मला दिवसभर पुरतो. हे त्यांना सांगायचं होतं."

तासाभराने जाहिरातवाल्यांचं उत्तर आलं: "धन्यवाद! हा गेम आमच्या संपूर्ण टीमने प्रेमाने बनवला आहे. आता रोज दहा फेऱ्यांचा आनंद घ्या!"

तिने पुन्हा लिहिलं. "दहा नकोत. आणि हा टीमने केला असेल असं मला वाटत नाही. ज्याने केला तो एकटा राहत असणार. तो तुम्हाला कुठे भेटला तर विचारा, की तूच ना रे तो?"

त्याखाली जाहिरातवाल्यांनी चर्चा बंद केली.

चिंगूसने ते शेवटचं वाक्य तीन-चारदा वाचलं. ताईला फोन लावला. ती कोर्टात असणार, तिने उचलला नाही. त्याने फोन उलटा करून ठेवला.

"हो, मीच," तो मोठ्याने म्हणाला.

कागदाप्रमाणे हे कुणालाही सांगायची त्याला बंदी होती. पण खोलीत ऐकायला कुणी नव्हतं, त्यामुळे कागदातली अटही मोडली नाही.