उन्हात ठेवलेल्या दोन फळ्या

आपल्या घरामागच्या लाकडी डेकची एक फळी तुटली, एवढं मी तुम्हां दोघांना फोनवर सांगितलं होतं. पुढचं सांगितलं नाही. फोनवर माझा आवाज थकलेला येतो आणि मग तुमचा बाबा काळजी करत बसतो. म्हणून लिहून ठेवते.

गंगापूर रोडवरच्या या घराच्या मागे पूर्वी नुसती माती होती. आजोबा निवृत्त झाल्यावर आम्ही काही महिने तुमच्याकडे येऊन राहिलो, तेव्हा तुमच्या घरामागचा लाकडी डेक त्यांच्या मनात भरला. परत आल्यावर त्यांनी स्वयंपाकघराच्या दारापासून पेरूच्या झाडापर्यंत सागवानी फळ्यांचा तसाच डेक करून घेतला. शेजारचे वकील कुंपणावरून डोकावून म्हणाले, "काय साहेब, स्टेज बांधलंत? भाषणं ठोकणार की काय?"

"घरात कोणी ऐकत नाही ना," आजोबा म्हणाले.

चपलांचा नियम मात्र माझा. डेक स्वयंपाकघराच्याच पातळीत, पाय सारखे आत-बाहेर होणार. तेव्हा डेक म्हणजे घरच, तिथे चपला घालून जायचं नाही. तुम्ही दोघांनी त्यावरून किती बोलणी खाल्लीत, ते आठवत असेल. आजोबांनी तर तो नियम माझ्यापेक्षाही कडकपणे पाळला.

देखभालही माझ्याकडेच आली. दर वर्षी पावसाळा सरला की फळ्यांवरचं शेवाळ ब्रशने घासायचं, आठवडाभर सुकू द्यायचं, पॉलिश पेपर मारायचा, मग जवसाच्या तेलात टर्पेंटाइन मिसळून फडक्याने चोळत बसायचं. सुरुवातीला हे काम आम्ही दोघं करायचो. मग त्यांचे गुडघे धरले, पुढे साखर वाढली. आता मी एकटीच करते, आणि माझेही गुडघे दुखतात म्हणून उठताना दाराची चौकट धरते.

त्यामुळे फळी तुटली तेव्हा, खरं सांगते, मला बरं वाटलं. तुमच्या बाबाने त्याच दिवशी, सगळ्याच फळ्या बदलून टाकू म्हणून, कंपोझिटच्या फळ्यांची माहिती पाठवली. लाकडाचा भुसा आणि प्लॅस्टिक एकत्र करून केलेली फळी. वाळवी लागत नाही, तेल लागत नाही, धुतली की झालं. "आई, एकदा बसवलं की विसरून जायचं," तो म्हणाला. विसरून चालेल असं या घरात माझ्याकडे दुसरं काही उरलेलं नाही. गोळ्यांच्या वेळा, इन्सुलिन, आणि रोज आजोबांचे तळवे बघणं.

तळवे बघायचे, कारण साखरेमुळे त्यांच्या पावलांना आता काही जाणवत नाही. टाचणी टोचली तरी कळत नाही. पायाला जखम होऊन चिघळली, तर बोट जातं, कधी पाऊलही जातं, असं डॉक्टरांनी बजावलं आहे. म्हणून मी रोज चष्मा लावून त्यांचे पाय मांडीवर घेते आणि पेपर वाचावा तसे वाचते.

मिस्त्री आले. दिंडोरीकडचे, पहिला डेकही त्यांनीच केला होता. हॉलमधल्या टेबलावर त्यांनी दोन तुकडे ठेवले, एक सागवानाचा, एक कंपोझिटचा.

"काकू, हे प्लॅस्टिकवालं लय चालतंय आता. आमच्याकडं वायनरीत पाहुणे बसतात, तिथं हेच टाकलं मी."

"तुमच्या घरी तुम्ही काय टाकाल?"

"माझ्या घरी फरशी हाय," ते म्हणाले, आणि हसले.

मी कागदाच्या मधोमध रेघ मारली. कॉन्व्हेंटमध्ये आमच्या सिस्टर कुठलाही निर्णय असाच घ्यायला लावायच्या. डावीकडे लाकूड, उजवीकडे कंपोझिट. लाकडाच्या बाजूला वास आणि रंग यांपलीकडे काही सुचेना. कंपोझिटची बाजू भरत गेली. "ठरलं," मी म्हणाले. तुमच्या बाबाला फोटो पाठवायचा म्हणून दोन्ही तुकडे डेकवर उजेडात नेऊन ठेवले आणि तिथेच विसरले. एप्रिल संपत आला होता.

दुसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला आजोबा चहा घेऊन डेकवर जाऊन बसले. बसले पेरूच्या सावलीत, पण पाय पुढे उन्हात, त्या कंपोझिटच्या तुकड्यावर टेकवून. चांगले अर्धा तास.

"छान गुळगुळीत आहे गं," त्यांनी आत ओरडून सांगितलं. "हेच घे."

संध्याकाळी तळवे पाहिले तर डाव्या टाचेवर लाल चट्टा. सकाळी तिथे फोड आला होता.

"अहो, चटका नाही बसला?"

"कुठे?" त्यांनी विचारलं.

त्या दिवशी चार वाजता मी अनवाणी बाहेर गेले आणि दोन्ही तुकड्यांवर पाय ठेवून पाहिला. लाकूड तापलं होतं, पण उभं राहता येत होतं. कंपोझिटवरून मी पाय लगेच उचलला. साडेपाचला पुन्हा गेले. लाकूड निवलं होतं. कंपोझिट नाही. मी पंख्याखाली बसून केलेली यादी पुन्हा काढून वाचली. तिच्यात सगळीकडे माझे गुडघे होते. त्यांचे पाय एकाही ओळीत नव्हते.

तुमच्या बाबाने फोनवर सोपा उपाय सांगितला. "आई, त्यांना चपला घालायला सांग ना."

"तू सांगून बघ." मी सांगितलं होतंच. दोन दिवस घातल्या, तिसऱ्या दिवशी चपला दारात आणि हे बाहेर. म्हणाले, "तूच तर लावलास हा नियम."

"म्हणजे सागवानच घेणार? मग तेल कोण लावणार दर वर्षी?" तुमच्या बाबाने विचारलं.

"मी."

"मग नंतर तक्रार करू नकोस हं."

"करणार. तेवढं तरी करू दे."

फोडाची जखम भरायला तीन आठवडे लागले. रोज ड्रेसिंग, रोज धास्ती. या वेळी निभावलं. मिस्त्रींना बोलावलं तेव्हा ते म्हणाले, "काकू, प्लॅस्टिक ठरलं व्हतं ना?" मी म्हटलं, "आता सागवान ठरलंय." त्यांनी पुढे काही विचारलं नाही, आणि मलाही सगळं पहिल्यापासून सांगायचं त्राण नव्हतं.

नव्या फळ्या बसल्या त्या दिवशी आजोबा कप घेऊन दारात आले. "थांबा," म्हटलं, आणि आधी मी जाऊन उभी राहिले. लाकूडही मे महिन्यात तापतंच.

"अजून नाही."

"चहा गार होतोय."

"होऊ द्या."

अर्ध्या तासाने पुन्हा गेले, पावलं पूर्ण टेकवली, मनात तीस आकडे मोजले. मग म्हणाले, "या आता."

तेव्हापासून रोज असंच. जवसाच्या तेलाचा डबा फडताळात खालच्या खणात ठेवला आहे. पावसाळ्यानंतर तो काढावा लागेल, त्याचा विचार मी आत्ता करत नाही. पाच वाजून गेलेत. ते कप घेऊन दारात येऊन उभे आहेत, चपला न घालता, आणि माझी वाट बघताहेत. मला उठायला हवं.