आमचा इलेक्ट्रिशियन

काल रेडिओची तार सोल्डर करताना तो करपट वास आला आणि ऐंशीच्या दशकातली बोरिवलीची एक संध्याकाळ आठवली. आमचा ब्लूज-रॉक बँड ऐकायला तेव्हा पार मुलुंडहून पोरं यायची. अँप्लिफायर मी घरी बनवलेला, गिटारही मीच वाजवायचो. त्या संध्याकाळी स्टेजवर सगळं जोडून झाल्यावर आमचा गायक विन्या म्हणाला, “आज तू खाली थांब रे. हा नवीन पोरगा दिसायला झकास आहे ना.” आणि त्याने माझीच गिटार त्या पोराच्या गळ्यात अडकवली.

दुसऱ्याच गाण्यात अँप्लिफायर बंद पडला. विन्या माइकवर ओरडला, “आमच्या इलेक्ट्रिशियनला बोलवा!” पब्लिक खो-खो हसलं. मी मूर्ख धावत गेलो, बोटं भाजून घेत तार जोडली. गिटार पुन्हा वाजली. बँड वाचला, म्हणून पहिली टाळी मीच वाजवली.