सासऱ्यांच्या कॉम्प्युटरची आंघोळ

जुने कॉम्प्युटर गोळा करणं हा माझा छंद आहे. बायको त्याला रोग म्हणते. कीबोर्डच्याच पोटात सगळं यंत्र आणि पडदा म्हणून घरचा टीव्ही, तसले ते कॉम्प्युटर. आतलं सामान चिवट असतं, पण वरचं प्लॅस्टिक इतकं जुनं झालेलं असतं की जरा जोरात धरलं तरी तुकडा पडतो. बाहेरून तयार कवच मागवायचं तर ते मला परवडत नाही, म्हणून त्यांच्यासाठी पेट्या मी घरीच बनवतो. एक मिठाईच्या पत्र्याच्या डब्याची आहे, एक कपाटाच्या उरलेल्या प्लायवूडची. दिसायला ओबडधोबड आहेत, मान्य. पण आतला जीव सुखरूप राहतो.

गेल्या वर्षी सासऱ्यांनी त्यांचा कॉम्प्युटर माझ्या हवाली केला. ते सिल्लोडला शाळेत गणित शिकवायचे आणि त्या काळी त्यांनी हौसेनं तो घरी आणला होता. घरात एक कडक नियम होता : हात धुतल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही. धुतलेले हात पुढून-मागून दाखवायचे, मगच बसायला मिळायचं. माझी बायको सांगते, ती हात धुऊन येईपर्यंत भाऊ खुर्चीत बसलेला असायचा, आणि तिची पाळी काही आलीच नाही.

माझ्या हवाली करण्याआधी त्यांच्या घराच्या रंगकामात कॉम्प्युटर माळ्यावरून पडला होता आणि कवचाचे तुकडे झाले होते. सासऱ्यांचं तेव्हा नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. ते मला म्हणाले, "जावईबापू, आता लई स्वच्छ दिसतंय. एकदा त्याला चालू झालेला बघू द्या." दसऱ्याला ते आमच्याकडे यायचे होते. तोवर पेटी करून देतो, असं मी मोठ्या तोऱ्यात सांगून टाकलं.

उघडाच टीव्हीला जोडून पाहिला तर चालला. दोन-चार बटणं अडकत होती, तेवढंच. मग हॉलच्या छताला लावून उरलेल्या पीव्हीसीच्या पट्ट्या काढल्या. शिंपी कापडावर बेततो तसं वर्तमानपत्रावर माप बेतलं, करवतीच्या पात्यानं पट्ट्या कापल्या आणि कडा घासून गुळगुळीत केल्या. हवा खेळायला जाळी हवी होती. पुरणयंत्राच्या डब्यात मोठ्या भोकांची एक जाळी कित्येक वर्षं नुसती पडून होती. ती मी न विचारता बसवून टाकली. विचारलं असतं तर मिळाली नसती.

खंडेनवमीला सकाळी मी छोटे स्क्रू आणायला क्रांती चौकात गेलो. परत येऊन बघतो तर देवासमोर पाटावर माझी पक्कड, ड्रिल, करवत, स्क्रूड्रायव्हर, सगळी हत्यारं धुऊनपुसून मांडलेली, प्रत्येकाला हळदकुंकू, वर झेंडूचं फूल. मधोमध सासऱ्यांचा उघडा कॉम्प्युटर. त्याच्या चिपांमधून पाणी गळत होतं.

मी भयंकर चिडलो. बायको मात्र खुशीत होती. किती मळ होता म्हणून सांगू, कोमट पाणी आणि साबण घेऊन जुन्या टूथब्रशनं घासला, म्हणाली. माझा चेहरा बघून ती थांबली. मग हळूच म्हणाली, "आप्पा हात धुवायला लावायचे ना. मला वाटलं, त्यालाच धुतला तर त्यांना बरं वाटंल."

ओरडायचं राहूनच गेलं.

ओल्या यंत्रात वीज सोडली असती तर खेळ खलास. मी फूल काढलं, कुंकू पुसलं, साध्या पाण्यानं साबण काढला आणि गच्चीवर खाटेवर पातळ लुगड्याखाली बटणांसकट बोर्ड वाळत घातला. ऑक्टोबरच्या उन्हाला एरवी मी शिव्या घालतो. त्या दिवशी मात्र ढग आला की माझा जीव खालीवर व्हायचा. बायको दर थोड्या वेळानं वर येऊन बघून जायची. मधेच तिनं पुरणाची जाळी कुठं गेली म्हणून विचारलं. मी पेटीकडे बोट दाखवलं. ती जाळी बघून खाली गेली. फिटंफाट झाली.

दसऱ्याला दुपारपर्यंत आणखी वाळवून मग गुपचूप चालू करून बघायचं, असं ठरवलं होतं. सासरे सकाळच्याच एसटीनं आले. मी घाईघाईनं बोर्ड पेटीत बसवला, स्क्रू पिळले. त्यांनी पेटीवरून हात फिरवला, जाळीपाशी थबकले, हसले. मग सवयीनं बेसिनकडे गेले, हात धुतले, पुसले आणि टीव्हीसमोर बसले.

बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. हात हळदीनं पिवळे. "आप्पा, तो मी धुतला. साबण लावून. आता चालू होईल का नाय, माहीत नाय."

सासऱ्यांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "वाळलाय का?"

वाळलाय, असं मी म्हणालो, पण आवाजात दम नव्हता.

"मग लावा."

मी बटण दाबलं. टीव्हीवर नुसत्या मुंग्या. पडदा काळा झाला, तसाच राहिला, आणि मग वरच्या कोपऱ्यात पांढरी अक्षरं उमटली. शेजारी चौकोनी ठिपका लुकलुकायला लागला. मी खाली फरशीवरच बसलो. इतकं हलकं वाटलं की उगाच हसू यायला लागलं. सासऱ्यांनी एकेक बटण दाबून बघितलं. अडकणारी बटणंसुद्धा मोकळी झाली होती.

ते खुर्चीतून उठले आणि मुलीला म्हणाले, "ये, बस." ती लगेच बेसिनकडे वळली.

"राहू दे," सासरे म्हणाले. "धुतलंस की एकदा. आता बस."

ती तशीच, पिवळ्या हातांनी बसली.