वालटूबचा तुकडा

आमच्या गॅरेजात एक नियम होता. कुठं लिहिलेला नव्हता, पण मोडायची कुणाची टाप नव्हती. गिऱ्हाईक समोर उभं असताना मिस्त्रीचं बोलणं खोडायचं नाही. तो चुकला तरी मान डोलवायची, काय बोलायचं ते गिऱ्हाईक गेल्यावर. मी हा नियम बारा वर्षं पाळला. आज कुणी मला त्या जुन्या शिस्तीचं कौतुक सांगायला लागलं की डोक्यात तिडीक जाते.

गॅरेज हिंगणा रोडवर होतं. ऐंशी साल उलटून गेलं होतं. तिकडच्या एका कारखान्यातले इंजिनीअर साहेब काही वर्षं अमेरिकेत राहून परतले आणि येताना आपली मोटरसायकल जहाजातून घेऊन आले. जपानी गाडी, हवेवर थंड होणारं इंजिन. तिच्या इंजिनच्या माथ्यावर एक डबी होती, डबीला तीन-चार रबरी नळ्या. ताजी हवा ओढून सायलेन्सरच्या पाइपात सोडायची आणि उरलासुरला धूर तिथंच जाळून टाकायचा, एवढं तिचं काम. पण ती डबी बिघडली होती. ॲक्सिलरेटर सोडला की पाइपात फाडफाड आवाज निघायचा, आणि रस्त्यावरचे लोक वळून बघायचे.

"काढून फेका साहेब," मिस्त्री म्हणाला. "आपल्या नागपुरात कोण धूर मोजून राहिलं?"

साहेबांनी गाडीसोबत इंग्रजी पुस्तक आणलं होतं. मिस्त्रीला ते वाचता येत नव्हतं, मी आयटीआय केलेला. दोन दिवस डोकं घालून मी ते वाचलं. डबी काढली, तिच्या जागी इंजिनावर उघडी पडलेली दोन भोकं बंद करायला पत्र्याच्या पट्ट्या कापल्या, कानशीनं घासून सपाट केल्या, खाली गॅस्केट घातलं. साहेब बाजूला स्टुलावर बसून बघत होते. म्हणाले, "आमच्या मेंटेनन्सला असा माणूस पाहिजे. एक जागा निघते आहे. गाडी नीट झाली की येऊन भेटा."

घरी सांगितलं तर बायको पोळी लाटता लाटता थांबली. "खरंच घेऊन राहिले का तुमाले?" म्हणाली. कंपनीची पक्की नोकरी, कंपनीची बस, पोरांना दवाखाना. आमच्या घराण्यात तोवर कुणालाच ते मिळालं नव्हतं. मला त्या नोकरीची इतकी आस लागली होती की जेवण गोड लागेना.

दुसऱ्या दिवशी एकच काम उरलं होतं. कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या नळीवर एक बारीक तोटी होती, तिथून डबीकडे नळी जायची. ती तोटी उघडी राहिली तर इंजिन जास्तीची हवा ओढणार, पेट्रोल कमी पडणार आणि इंजिन तापणार. पुस्तकात हे ठळक छापलं होतं. मी आटे पाडून पितळी स्क्रू बसवणार होतो. अर्ध्या तासाचं काम. तेवढ्यात मिस्त्री शेजारच्या पंक्चरवाल्याकडून वालटूबचा तुकडा घेऊन आला. सायकलच्या वॉल्व्हवर चढवतात ती बारीक रबरी नळी.

"हे चढव अन् तारेनं बांध. साहेबाले काहून थांबवतं गा?"

वालटूब पेट्रोलच्या वाफेनं फुगते आणि नागपूरच्या मे महिन्यात चिरते, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण साहेब समोर उभे होते. मी मूग गिळले आणि वालटूब बांधली. गिऱ्हाईक गेल्यावरही बोललो नाही. गाडी छान चालत होती, आवाज बंद झाला होता, साहेब खूश होते. म्हटलं, कशाला नाट लावायचा?

आठवड्याभरात गाडी ठेल्यावर लादून परत आली. खापरखेड्याच्या रस्त्यावर भर दुपारी इंजिन जाम झालं, मागचं चाक अडकलं आणि साहेब आपटले. कोपराला पट्टी बांधलेली. वाकून त्यांनी स्वतःच ती तोटी शोधून काढली. रबर उभं चिरलेलं होतं.

"हे कोणी बसवलं?"

"या पोट्ट्यानं," मिस्त्री म्हणाला. दोन लेकरांचा बाप होतो मी. "मी म्हणलं होतं, स्क्रू बसव म्हणून."

साहेब माझ्याकडे वळले. "तुम्ही तर पुस्तक वाचलं होतं. हे टिकणार नाही, माहीत नव्हतं?"

"माहीत होतं," मी म्हणालो.

"मग बसवलं कसं?"

काय सांगणार? गिऱ्हाईक समोर उभं होतं. मी वाकून तोटीवरची तार सोडायला लागलो. साहेब म्हणाले, "माहीत नसतं तर शिकवलं असतं." आणि रिक्षा करून निघून गेले. गाडी त्यांनी दुसरीकडे नेली, त्या जागेवर दुसरा माणूस लागला.

ते गेल्यावर मिस्त्री बिडी पेटवत म्हणाला, "माहीत होतं काहून म्हणलास गा? नव्हतं म्हणाचं. मिटलं असतं."

मिस्त्रीचा राग मला येतो, खोटं कशाला बोलू. पण स्वतःचा त्याहून जास्त येतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्या आधी पोचलो, शटर वर केलं, झाडू मारला, आणि तो आला तेव्हा उठून त्याला खुर्ची दिली.