वाईट बातमीवरची टाळी

भरल्या चर्चमध्ये, एक माणूस काळीज उघडं करून उभा असताना, खणखणीत टाळी वाजवणारा इसम दौंडात आजवर एकच झाला, आणि तो मी. टाळीचा आवाज पत्र्याला लागून परत आला तेव्हा अख्खी मंडळी मान वळवून माझ्याकडं बघत होती. पाळकसाहेबांचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला होता. बायकांच्या बाजूला बसलेल्या माझ्या बायकोनं डोळे गच्च मिटून घेतले. ती प्रार्थना नव्हती. दोष माझ्या हातांचा, मान्य. पण त्या हातांना वळण लावलं होतं ते माझ्या साडूभाऊंनी, म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्यानं. सुखाच्या मागं इतक्या जोरात धावलेला माणूस शिरूर आणि दौंड या दोन्ही तालुक्यांत दुसरा सापडायचा नाही.

साडूभाऊ रांजणगावला एका कारखान्यात सुपरवायझर, राहायला शेजारी कारेगावात. आमची दोन्ही घरं आजोबांच्या पिढीपासून ख्रिस्ती. पण साडूभाऊंच्या घरी ख्रिस्त नाताळला येऊन जायचा, बाकी वर्षभर टेपरेकॉर्डरवर सुखाची कॅसेट बोलायची. पुण्याच्या कुठल्याशा हॉटेलात टाय लावलेल्या एका गृहस्थाचं शिबिर करून आले आणि तेव्हापासून माणूस हातचा गेला. सकाळी उठल्याबरोबर आरशासमोर उभं राहून "मी सुखी आहे!" असं ते इतक्या दमात ओरडायचे की शेजाऱ्यांची पोरं शाळेला उशीर झाला म्हणून उठून बसायची. मनगटाला रबरबँड, वाईट विचार आला की सट्कन ओढून सोडायचा. मनगट कायम लाल, त्यावरून विचारांचा अंदाज यायचा. ओठ हसरे राहावेत म्हणून पेन दातांत आडवं धरून कारखान्यात फिरायचे. एका बिहारी कामगाराला त्यांची इतकी दया आली, की दुसऱ्या दिवशी तो कागदाच्या पुडीत लवंगा घेऊन आला. "साब, दाढ़ के नीचे दबा के रखना, आराम मिलेगा."

आणि टाळी. वाईट बातमी कानावर पडली की ती मनात बसायच्या आत जोरात टाळी वाजवायची, म्हणजे ती उडून जाते, असा त्यांचा सिद्धांत. दूध नासलं, टाळी. बस चुकली, टाळी. माझी बढती हुकली तेव्हा त्यांनी माझ्याकडून एवढ्या टाळ्या वाजवून घेतल्या की समोरच्या बिऱ्हाडानं पेढे मागितले. सासरे वारले त्या दिवशी मात्र कहर झाला. सासूबाईंनी हंबरडा फोडला, आणि कोपऱ्यातून टाळी! माझ्या बायकोनं त्यांच्याकडं जळजळीत पाहिलं आणि पुढं नाताळपर्यंत तिनं त्यांना स्वतःच्या हातानं चहा दिला नाही. मीच द्यायचो. आणि लाज वाटते सांगायला, पण येता-जाता त्यांच्या संगतीत माझेही हात शिकले.

हे सगळं हसण्यावारी नेत होतो आम्ही. पण त्यांचं पहिलं बाळ पाऊल टाकायच्या आधीच तापानं गेलं होतं. कबरस्तानातून घरी आल्यावर साडूभाऊंनी पहिली गोष्ट काय केली, तर कॅसेट लावली. "या घरात मागचं काढायचं नाही," असं बायकोला बजावलं. तिचे डोळे भरले की टाळी. आम्ही आपलं म्हणायचो, काय खंबीर माणूस आहे! अशी काही वर्षं गेली आणि एका दुपारी मेव्हणी पिशवी घेऊन आमच्या दारात उभी.

"आक्का, त्या घरात मला रडायला जागा न्हाई. मी आता माघारी जायची न्हाई."

तिला नेहमी चारचौघींसारखी हसताना पाहिलेलं. मी हादरलो. बायको एवढंच म्हणाली, "ये."

रविवारी साडूभाऊ तिला न्यायला आले. पेन खिशात, चेहरा हसरा, मनगट लालबुंद. ती त्यांच्याशी बोलेना. उपासनेची वेळ झाली म्हणून सगळेच चर्चला गेलो, ती बायकांत, आम्ही पुरुषांत. आमच्याकडं उपदेशाआधी पाळकसाहेब विचारतात, "प्रार्थनेचे विषय?" मग ज्याचं जे दुखत असेल ते त्यानं उठून सांगायचं. साडूभाऊ कधी पाहुणे आले की दर वेळी बसल्या जागेवरून गरजायचे, "विषय नाही! सगळं झकास!" मीही कधी उठलेलो नाही, गायनाच्या पुस्तकात तोंड घालतो. खुटबावचे एक आबा मात्र दर रविवारी उठायचे आणि त्यांचा विषय म्हणजे म्हैस. कधी लंगडतीया, कधी दूध चोरतीया. त्या दिवशीही आबा उठले.

"पाळकसाहेब, म्हस गेली. तवापासून घास उतरंना. येडं म्हणा मला, पर देवाला सांगा."

मागं पोरं फिसकन हसली. पाळकसाहेब खाली उतरले, आबांच्या खांद्यावर हात ठेवला, आणि एखाद्या घरच्या माणसासाठी करावी तशी त्या म्हशीबद्दल उपकारस्तुतीची प्रार्थना केली. आबा मोकळेपणी हुंदके देऊन रडले, उपरण्यानं तोंड पुसलं आणि खाली बसले. साडूभाऊ त्यांच्याकडं टक लावून बघत होते. आणि मग उभे राहिले.

"माझा विषय आहे," ते म्हणाले. आवाज त्यांचा वाटतच नव्हता. "माझं बाळ गेलं. मी रडलो नाही, हिलाही रडू दिलं नाही. रोज सकाळी म्हणतो सुखी आहे. नाहीये मी सुखी."

वाईट बातमी कानावर पडली. माझे हात उठले.

टाळीनं साडूभाऊ दचकले. माझ्याकडं बघून त्यांचं तोंड हसायला लागलं आणि मध्येच वाकडं झालं, आणि जे रडू फुटलं ते कॅसेटवरच्या कुठल्याही गृहस्थाला थांबवता आलं नसतं. पाठोपाठ दुसरा धक्का: माझी मेव्हणी उठली, मधली वाट ओलांडून भर उपासनेत पुरुषांच्या बाकावर त्यांच्याशेजारी येऊन बसली. आमच्या चर्चमध्ये असं कधी घडलेलं नाही.

ती त्यांच्याबरोबर कारेगावला गेली. जिथं आरसा होता त्या खिळ्यावर आता बाळाचा फोटो आहे. साडूभाऊ शहाणे झाले असं नाही, आता ते भेटेल त्याला "तुमचा विषय काय?" विचारतात आणि उभ्या जागी प्रार्थना करतात. एसटीचा कंडक्टर वैतागून म्हणाला, "सुट्टे द्या, हाच विषय," तर यांनी शिक्रापूर येईपर्यंत सुट्ट्यांसाठी प्रार्थना केली. लवंगवाल्या कामगाराला त्यांनी विचारलं, तर तो गावाकडच्या आईबद्दल तासभर बोलला. बाळाच्या वाढदिवसाला दोघं अजून रडतात. मी एकदा भीत भीत विचारलं, मग सुखाचं काय?

"साडूभाऊ," ते म्हणाले, "आरशातल्या माणसाला मी रोज सांगत होतो. त्यानं कधी विचारलं नाही, काय झालंय म्हणून. प्रभूनं विचारलं. पूर्वीचं सुख दुपारच्या जेवणापर्यंत टिकायचं नाही. आताचं रडून झाल्यावरही तिथंच असतं." मग माझा हात धरून म्हणाले, "तुमचा विषय?"

"छे, काही नाही. चाललंय," मी म्हणालो.

ते गेल्यावर बायको मेथी निवडायला बसली. मग मान वर न करता म्हणाली, "उभे राहा एकदा तुम्हीपण. भिऊ नका. दौंडात टाळी वाजवणारा माणूस एकच हाय, आन् तोच उभा असणार."