नाकाखालची रेघ

पायरियानं माझे वरचे सगळे दात काढावे लागले तेव्हा मी छत्तीस वर्षांची होते, जाफराबादला शिक्षिका. हिरड्या भरून आल्यावर कवळी करायला जालन्याला, मस्तगडातल्या दातांच्या डॉक्टरकडे जायला लागले. एसटीनं जाण्यायेण्यात अख्खा दिवस जायचा. दर खेपेला रजा टाकावी लागायची.

कवळी पक्की करण्याआधी बघायला म्हणून मेणात बसवलेले दात पहिल्यांदा तोंडात घातले तेव्हाच मी आरशात बघून म्हणाले, "डॉक्टर, समोरच्या दोन दातांमधली रेघ डावीकडं सरकलीय."

"मेणात तसं वाटतं. कवळी झाली की बराबर दिसंल."

कवळी झाली. घरी आल्यावर हसून दाखवलं. नवरा बराच वेळ बघत राहिला. "दात चांगलेत," तो म्हणाला, "पण तू हसलीस की तोंड एका अंगाला गेल्यासारखं दिसतंय. तिथंच बोलली काहून न्हाईस?"

मला रडू आलं. वर्गात मी तोंडावर पदर धरून शिकवायला लागले. मागच्या बाकावरच्या मुली म्हणायच्या, "बाई, ऐकू येऊन न्हाई राह्यलं."

पुन्हा रजा, पुन्हा एसटी. डॉक्टरांनी पट्टी लावली. "बघा, नाकाच्या शेंड्याच्या बिलकुल खाली आहे. तुमचं नाकच डावीकडं झुकलंय बाई, त्याला मी काय करणार?"

नाक लहानपणी पडल्यापासून तसंच होतं. "मंग वाकड्या नाकावरून माप कशाला घेतलं?" मी विचारलं.

ते चिडले. पण त्यांनी मला खुर्चीतून उठवून खिडकीपाशी उभं केलं, हसायला सांगितलं आणि भुवयांच्या मधोमध दोरा धरून हनुवटीपर्यंत सोडला. दोरा वरच्या ओठावरच्या खळीतून सरळ खाली गेला. नाकाचा शेंडा आणि दातांची रेघ, दोन्ही डावीकडं राहिली. इतक्या खेपांत 'उभं राहून हसा' असं त्यांनी पहिल्यांदाच म्हटलं होतं.

"हे आधी सांगायचं होतं," ते म्हणाले.

"सांगितलं होतं."

दात नव्यानं बसवायला त्यांनी कवळी डबीत टाकली आणि पंधरा दिवसांनी बोलावलं.

या वेळी रेघ खळीच्या बरोबर खाली आली. खालच्या दातांची रेघ मात्र तिच्याशी जुळली नाही. कुणाच्या ध्यानात येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले, आणि ते खरं निघालं. तरी कित्येक महिने आरशासमोर माझी नजर आधी तिथंच जायची आणि डोकं फिरायचं.