बाजाराच्या दिवसाची गोळी

नव्वदच्या दशकात मूल गावातल्या एका धर्मादाय दवाखान्यात मी कंपाउंडर होतो. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असायचा आणि त्यालाच मी शिस्त समजायचो. हृदयाच्या रोग्यांची औषधं चुकू नयेत, हे काम डॉक्टरसाहेबांनी माझ्यावर सोपवलं होतं. महिन्याच्या उरलेल्या गोळ्या रोग्यानं परत आणायच्या, मी मोजायच्या आणि ज्याच्या उरल्या त्याला सगळ्या रांगेसमोर फैलावर घ्यायचं, ही माझी पद्धत.

बाजारोबाजार बांगड्या विकणारी एक मुस्लिम चाची यायची. हृदयाची झडप खराब, पाय सुजलेले, चार पावलांत धाप. तिला रोज सकाळी एक पांढरी गोळी होती. अंगात साठलेलं पाणी ती लघवीवाटे काढते, हे मला पाठ होतं. दर महिन्याला चाचीच्या पुडीत आठ-नऊ गोळ्या उरायच्याच.

"रोज घेतो नं भाऊ," ती म्हणायची.

एकदा मी पुडी टेबलावर उपडी केली. "हातच्या कांकणाला आरसा कशाला, चाची? ह्या नऊ गोळ्या काय आभाळातून पडल्या? खोटं बोलाची आदतच हाय तुमाले!"

रांग हसली. मला आणखी चेव आला. "उद्यापासून रोज इथी येऊन माह्यासमोर घ्यायची. नाई तं औषध बंद."

"पण भाऊ, बाजाराच्या दिवशी..." तिनं तोंड उघडलं. मी हात वर करून तिला गप्प केलं.

तिसऱ्या दिवशी गडचिरोलीच्या वाटेवरच्या एका गावात बाजार होता. बांगड्यांची पेटी घेऊन ती सकाळीच आली. तिनं गोळी गिळली. मी तिला आ करायला लावून जिभेखालीसुद्धा पाहिलं. मलाही औषधं आणायला गडचिरोलीला जायचं होतं, म्हणून आम्ही एकाच एसटीत चढलो. ती पुढे बायांच्या सीटवर, मी दोन ओळी मागे.

जरा वेळानं ती उठली आणि कंडक्टरशी हळूच काही बोलली. "जंगलात कुठी गाडी थांबवू बाई? बसा खाली," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. ती बसली. थोड्या वेळानं तिनं पाण्याच्या बाटलीचं झाकण काढलं आणि बाटली स्वतःच्या मांडीवर ओतली. सगळी. "पानी सांडलं, पानी सांडलं," असं शेजारणीला सांगत राहिली. लोक हसले. मीही हसलो.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मी दवाखान्यात तो किस्सा रंगवून सांगितला. चाचीचा आवाजही काढून दाखवला. नर्सबाई तेवढी हसली नाही.

"ते गोळी घेतल्यावर लघवी किती वेळात लागते?" तिनं विचारलं.

"अर्ध्या-पाऊण तासात," मी पाठ केलेलं म्हणून टाकलं.

"मंग एसटीत बाईमाणूस कुठी जाईन? दिवसभर बाजारात बसते, तिथी कुठी जाईन?"

मी कप खाली ठेवला आणि बोटांवर हिशेब केला. आठवड्याचे दोन बाजार, म्हणजे महिन्याचे आठ-नऊ. तेवढ्याच गोळ्या उरत होत्या. मी मोजल्या होत्या, पण विचारलं काही नव्हतं. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. डॉक्टरसाहेबांना विचारलं, तर ते सहज म्हणाले, "बाजाराच्या दिवशी घरी परत आल्यावर घेऊ दे. चालते." एवढंच होतं ते.

चाची दवाखान्यात यायची बंद झाली. पाचव्या दिवशी मी तिच्या घरी गेलो. ती दारातच पाय पसरून बसली होती, पाय टम्म सुजलेले. मी पुडी ठेवली, बाजाराच्या दिवसाची नवी वेळ सांगितली, "चुकलं माहं, चाची," असंही कसंबसं म्हटलं. तिनं पुडीला हात लावला नाही.

"भाऊ, बसमधलं कोणाले सांगतलं तं नाई नं?"

"नाई, चाची."

तेव्हा कुठे तिनं पुडी उचलली.

त्यानंतर अनेक वर्षं ती आली. पुडीत कधी एकही गोळी उरली नाही. रांगेत नवी बाई लाजताना दिसली, की चाची तिला पुढे ढकलायची. "या भाऊले बिनधास्त सांग. त्याच्या पोटात गोष्ट राह्यते." मी मान खाली घालून पुड्या बांधत राहायचो.